गळ्याएवढं पाणी

पिंपळबोडी, ता. नागभीड
मार्गशीर्ष

प्रिय सरिता,

पत्र पाहून तू हसशीन. म्हणशीन, या नूतनले झालं तरी काय, घरात मोबाईल असून कागद काळे करून राह्यली. पण मोबाईल आता आमच्या यायच्याच उशाशी राह्यते. आवाज बसल्यापासून माणसाचे कान भल्ले तिखट झाले वं. मी अंगणात पुटपुटलं तरी आत ऐकू जाते. अन् फोनवर मी रडीन, मंग निम्मं सांगायचं राहूनच जाईन. म्हणून हे पत्र कय्यूमभाईच्या हातानं पाठवून राह्यली. तेच कय्यूमभाई, जे आमच्या सोसायटीची मासोळी बर्फात भरून भद्रावतीले नेते अन् तुमच्या माजरीच्या बाजारातही बसते. त्यायले बजावून सांगतलं, सरिताबाईच्याच हातात द्या, भाऊजीच्या नको. असं काऊन, ते सांगीनच. तू सावकाश वाच.

अर्धं तुले माहीत आहे. यायच्या घशात कॅन्सर निघाला, आवाजाच्या पेटीत, हे मी दिवाळीच्या वक्ताले तुले फोनवर सांगतलं होतं. नागपूरचे डॉक्टर म्हणते, पेटी पुरी काढा लागते अन् लवकर काढा लागते, नाई तर पुढचा उन्हाळा दिसत नाई. अन् आमच्या यायनं काय केलं, तर भरतीच्या पहिलेच दवाखान्यातून पळून आले! तवापासून आमच्या घरात एकच गोष्ट, जाते का नाई, जाते का नाई. परवा हो म्हणले. सोमवारी भरती व्हायचं आहे. गाव खूश आहे, माझा भाऊ हरिदास तर पेढे आणाले निघाला होता, मीच दटावून बसवलं. मले एकटीलेच समजून नाई राह्यलं का खूश व्हावं का कपाळ फोडून घ्यावं.

पहिल्यापासून सांगते, तसं नाई केलं तर माझंच डोकं फिरते. चिमूरच्या होस्टेलात तू मले गणित शिकवे तवा म्हणे, पहिले काय दिलं आहे ते लिही, मंग उत्तराच्या मागं लाग. आता काय दिलं आहे ते सगळं माझ्या पुढं आहे वं, पण उत्तराचा पत्ताच नाई.

घसा बसला तो मिरगाच्या आसपास. आमी कोणी ध्यान दिलं नाई. आमच्या ढिवर लोकायचा घसा बसलेलाच राह्यते. सकाळपासून पाण्यात, अन् पाण्यातून निघालं का थंडी वाजते म्हणून बिडी. आमच्या मोहल्ल्यात कोणाचा आवाज साफ निघाला तर लोक विचारते, काय गा, आताशा पाण्यात उतरत नाई काय? पाण्याचा घसा म्हणजे रोग आहे असं आमच्यात कोणाले वाटतच नाई. त्याच्यावर आमचं एकच औषध, खेकड्याचा रस्सा. धानाच्या बांधीतले काळे खेकडे आणायचे, पाट्यावर ठेचायचे, गाळायचे, मिरे घालून उकळायचे अन् गरम गरम प्यायला द्यायचं. माझ्या सासूबाईनं सासऱ्याचा घसा असाच साफ केला होता, म्हणून मी पण जिद्दीले पेटली. पोळा गेला, गणपती गेले, मी आपली खेकडेच ठेचून राह्यली. पिताना त्यायले ठसका लागे, डोळ्यात पाणी येई, तर मी म्हणे, मिरे जास्त पडले वाटते. दुसऱ्या दिवशी मिरे कमी टाको. एवढी शिकलेली मी, बारावी पास, अन् अक्कल पाह्य माझी.

तुले माहीत आहे, आमचे हे बुडी मारणारे. आजूबाजूच्या गावात कोणी तलावात, विहिरीत बुडालं का ठाण्यातून यायलेच फोन येते, पत्रूभाऊ चला म्हणून. तळाशी जाऊन चाचपत फिरते अन् माणूस घेऊनच वर येते. त्या कामाचा त्यायले कवा गर्व नाई पाह्यला, पण कोणी म्हणलं ना, पत्रूसारखा दम या तालुक्यात कोणाचा नाई, तर तोंड फिरवून हसते, हे मी पाह्यलं आहे. भादव्यात शेजारच्या गावच्या तलावात एक माणूस गेला. हे गेले, मी पण गेली होती, त्या घरची सून माझ्या ओळखीची. एक बुडी मारली, रिकामे वर आले. दुसरी मारली, रिकामेच. मंग काठावर येऊन बसले अन् खोकत राह्यले, थुंकीत लाल दिसलं. दुसऱ्या पोट्ट्यायनं तो माणूस काढला. लोकायचं ध्यान तिकडं, माझं यायच्याकडं. पाण्यातून निघून एवढा वेळ झाला तरी यायनं बिडी पेटवली नाई. लग्नापासून असं मी एकदाही पाह्यलं नव्हतं.

चंद्रपूरच्या दवाखान्यात नाकातून दुर्बीण घातली, तुकडा काढून तपासाले पाठवला. डॉक्टरीण बाईनं विचारलं, एवढे दिवस काय करत होते? मी खेकड्याचं सांगतलं. वाटलं हसन. हसली नाई बिचारी, नुसती लिहीत राह्यली. ते पाहून मले जास्तच भेव वाटलं.

मंग नागपूर. तिथच्या मोठ्या डॉक्टरनं कागदावर गळ्याचं चित्र काढून समजावलं. गाठ बाजूच्या कूर्चेत घुसली, नुसत्या किरणायच्या शेकानं भागत नाई. पेटी काढायची, श्वासाची नळी गळ्याच्या खालच्या खळगीत बाहेर उघडायची. खाणं-पिणं तोंडानंच, पण श्वास त्या भोकातून. जखम सुकली का वरून शेक द्यायचा. आवाज मात्र गेला. मंग बोलणं शिकवणारी एक पोरगी आली, तिनं गळ्याले लावून बोलाचं यंत्र दाखवलं, घूं घूं करते ते. तुझ्या घरी भाऊजीच्या गळ्यात आहे तसा बोलाचा वॉल्व बसवता येते हे पण सांगतलं. हरिदास तर बाहेर जाऊन हमसून हमसून रडला. अन् आमच्या यायनं काय करावं? बसक्या आवाजात त्यालेच समजावते, रडतो काऊन गा, मी कवा भाषण देत होतो? डॉक्टरले म्हणले, न्या साहेब पेटी, तसंही बायको बोलू देत नाई. डॉक्टर हसले, मी हसली. मले वाटलं, चला, सुटलो.

मंग सिस्टर आली, घरी गेल्यावर काय काय सांभाळायचं ते सांगाले. भोकावर ओलं फडकं ठेवायचं, धूळ जाऊ द्यायची नाई, आंघोळीले पाणी गळ्याच्या खालीच घ्यायचं. अन् सांगता सांगता ती म्हणली, नदी, तलाव, विहीर, काही नाही हां बाबा, भोकात पाणी गेलं तर सरळ फुप्फुसात जाते. मी तवा कपड्याची पिशवी बांधून राह्यली होती. कानावर पडलं, ध्यानात नाई शिरलं. यायनं विचारलं, किती दिवस? ती म्हणली, जन्मभर, अन् बाजूच्या खाटेकडं वळली. हे उठले, चपला घातल्या, म्हणले चहा पिऊन येतो. आमी दोघं बहीणभाऊ वाट पाहत बसलो. चहाच्या टपरीवर नाई, संडासात नाई, औषधाच्या दुकानात नाई. हरिदासनं तर पोलिसात जायचं काढलं होतं. तेवढ्यात गावातून फोन, पत्रूभाऊ बसमधून उतरले अन् तलावाकडं गेले म्हणून.

मंग गावाले वाटलं, आवाज जाते म्हणून माणूस भ्याला. रोज एक जण समजूत घालाले येई. कोणी म्हणे देव आवाज घेते तर बुद्धी देते, कोणी म्हणे मुका माणूस सुखी. दादाजी आले, सोसायटीचे जुने अध्यक्ष, त्यायनं वेगळीच काळजी काढली, का पत्रू, जंगलात वाघ पुढं आला तर हाकारा कसा देशीन गा? हे म्हणले, तुमालेच घेऊन जाईन संग, तुमचं तोंड तर वाघ पाहूनही बंद होणार नाई. सगळे हसले. पण कोणी ऑपरेशनचं नाव काढलं का हे उठून तलावावर. मी पण सगळ्यासारखंच समजून बसली होती वं. भाऊजीची गोष्ट सांगून सांगून थकली, का ते कसे अंगठा दाबून बोलते, कोळसा खाणीच्या ऑफिसात कसे रोज कामाले जाते. हे ऐकून घेत, मान हलवत अन् जाळं शिवत बसत.

मंग एक दिवस सकाळी मी धुणं घेऊन तलावावर गेली. शिंगाड्याचे वेल काढून झाले होते, पाणी मोकळं होतं. हे एकटेच पाण्यात उभे. एका हाताची दोन बोटं गळ्याच्या खळगीवर ठेवली होती, तिथंच, जिथं डॉक्टरनं चित्रात भोक काढलं होतं. अन् एक एक पाऊल पुढं टाकून राह्यले. पाणी बोटाले लागलं का थांबले. मागं आले. पुन्हा गेले, पुन्हा तिथंच थांबले. ज्या माणसाले मी कमरेएवढ्या पाण्यातून सूर मारताना पाह्यलं, तो लहान लेकरासारखा पाणी मोजून राह्यला होता. माझ्या हातातलं धुणं खाली पडलं. सिस्टर काय म्हणली होती ते मले तवा आठवलं, एवढ्या दिवसानं!

मी लुगड्यासकट पाण्यात उतरली. म्हणलं, हे होय काय तुमच्या मनात? म्हणले, मी पाण्यात पहिले उतरलो नूतन, बोलाले मंग शिकलो. मंग आलेलं जाऊ दे, त्याचं मले काई नाई. पण हे लोक पहिलंच नेऊन राह्यले. मी म्हणलं डोंग्यात बसा, जाळं टाका, कोण नाई म्हणते? म्हणले, डोंगा उलटला तर? अन् ठाण्यातून फोन आला तर काय सांगू, काठावर बसून दाखवतो म्हणू? मले रडूही आलं अन् रागही आला. म्हणलं, म्हणजे तलाव पाह्यजे, अन् मी? माझा काई विचार? ते माझ्या लुगड्याचा ओला पदर पिळून देत राह्यले.

सरिता, तवापासून मले दोन्ही बाजू खऱ्या वाटते. डॉक्टरचं ऐकलं तर वाटते, जीव राह्यला तर सगळं राह्यलं, तलाव काय घेऊन बसले. यायच्याकडं पाह्यलं तर वाटते, मी काय वाचवून राह्यली? काठावर बसून पाण्याकडं पाहत राहणारा माणूस? तो माझ्याच्यानं पाहवन काय? अन् नाई वाचवला तर मंग कोणाकडं पाहीन? दिवसातून किती वेळा इकडून तिकडं जाते, माझं मलेच समजत नाई. भाजीत मीठ दोनदा टाकते, नाई तर टाकतच नाई.

तूच सांग वं, तू हे जगून राह्यली आहे. भाऊजीले झोपेत भोकावर पांघरूण जाते तवा तू उठते काय? वास जाते म्हणे श्वास नाकातून नाई म्हणून, खरं आहे काय? तळलेल्या मासोळीचा वास नाई आला तर आमचे हे जेवतीन तरी काय? मी तुमच्याकडं आली होती तवा भाऊजीनं गळ्याले अंगठा लावून म्हणलं, ताई चहा घ्या, तर मी एवढी दचकली का बशी सांडली. अन् भाऊजी हसले. खांदे हलले, तोंड हसलं, आवाज काईच नाई. तू मात्र त्यायच्यासंग खदखदून हसली होती. मले ते आता रोज आठवते. हे तू कसं शिकली, किती दिवसात शिकली, का पहिल्या दिवसापासूनच येत होतं? तू म्हणली होती, माणूस तोच आहे, श्वासाचा रस्ता बदलला फक्त. तवा मले बरं वाटलं होतं. आता वाटते, भाऊजीचं काम खाणीच्या ऑफिसात, कागदावर. रस्ता बदलला तरी त्यायची खुर्ची तिथंच राह्यली. माझ्या माणसाचं तर कामच दम धरायचं आहे. राग नको मानू, तुमचं दुःख लहान होतं असं नाई म्हणून राह्यली मी.

आता ज्याच्यासाठी पत्र लिहिलं ते लिहिते. परवा सकाळी मी अंगणात मासोळी साफ करून राह्यली होती, हे बाजूले बसले होते. अन् माझ्या तोंडातून निघून गेलं, का धम्मदीपभाऊजी तर वर्धा नदीत जाते आंघोळीले. यायनं मान वर केली. म्हणले, भोक असून? मी म्हणलं, हो, एक बूच भेटते रबराचं, ते लावते अन् जाते. सरिता, आयुष्यात एवढं खोटं मी एका दमात कवा बोलली नव्हती, अन् हात इळ्यावर चालूच होते. यायनं विचार केला. मी मनात म्हणलं आता विचारतीन, बूच लावलं तर श्वास कुठून घेते? तर हे आपले आपणच म्हणले, बरोबर आहे, पाण्यात तसाही दम धरूनच राहा लागते. अन् उठले, हातपाय धुतले, रिपोर्टाची पिशवी मागितली अन् हरिदासले फोन लावला का सोमवारी चाल. म्हणते, बरं झालो का पहिले माजरीले जाऊ, धम्मदीपले विचारू ते बूच कुठी भेटते. खरंच असते काय वं असं काई? असलं तर तुझ्या पाया पडते, लवकर कळव. नसलं तर एवढं कर. ऑपरेशन होईस्तोवर भाऊजीले यायच्याशी बोलू देऊ नको. अन् जखम सुकली का भाऊजीले घेऊन स्वतः इथी ये, त्यायच्याच तोंडून सांगू दे का बूच नाई, नूतन खोटं बोलली, पाण्यात गेला तर मरशीन. हे माझं आता ऐकणार नाई, भाऊजीचं ऐकतीन. उशीर नको करू, मले भेव वाटते, एखाद्या दिवशी कशाचंही बूच करून उतरतीन. कवा कवा वाटते, ज्यानं एवढे बुडालेले काढले त्याले माझं खोटं समजलं नसन काय? समजूनच हो म्हणले असन तर? विचारावं कसं? मी मनाची तयारी केली होती का खरं समजलं का ओरडतीन माझ्यावर, शिव्या देतीन, गाव गोळा होईन, होऊ दे, तो त्यायचा हक्क आहे, मी उभी राहून सगळं ऐकून घेईन. अन् आज दुपारी भाकर थापता थापता ध्यानात आलं, तवा माझ्यावर ओरडाले त्यायच्याजवळ आवाजच नाई राहणार.

तुझीच, वाट पाहून राह्यलेली,
नूतन